बिनबोल्टाचं शेड

अण्णा, गेल्या आठवड्यातल्या वळवात माझं गच्चीवरचं शेड उडालं. उडालं म्हणजे दोन-चार पत्रे सुटले असं नाही. पाइपांसकट, पत्रे पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांसकट, कठड्याच्या विटांसकट अख्खं उचललं गेलं आणि शेजारच्या काकूंच्या गच्चीवर जाऊन पडलं. काकू तिथं वाळत घातलेल्या कुरडया गोळा करत होत्या. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, मिरजेला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. आणि इथं आमच्या कॉलनीत जो तो येऊन मला सांगतोय की निसर्गापुढं कुणाचं काय चालतं. तुम्ही गेल्याला बावीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही. आज आलंय, कारण हे वाक्य ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय, आणि ज्याला ते माझ्याइतकंच खटकेल असं दुसरं माणूस मला माहीत नाही.

तुमच्या वेळी साताऱ्यात पत्र्याचं शेड म्हणजे गोठा, गोदाम, नाहीतर गॅरेज. आता सांगलीत येऊन बघा. घर बांधायचं, वर चांगला सिमेंटचा स्लॅब टाकायचा, तो पहिल्या पावसाळ्यात गळतो म्हणून बोंब मारायची, आणि मग त्या स्लॅबवर निळे नाहीतर लाल पत्रे घालायचे. प्रत्येक घराच्या डोक्यावर आणखी एक डोकं. उन्हाळ्यात घर तापत नाही, पावसात गळत नाही, वर धुणी वाळतात, पोरांचे वाढदिवस होतात. आम्हीही घातलं, दोन वर्षांपूर्वी. लागोपाठ तीन पावसाळे हॉलच्या कोपऱ्यात बादली ठेवून काढले होते. शेवटी गच्चीवर चिनी मातीचे तुकडे बसवून घेतले, भेगा भरून घेतल्या आणि वर पत्र्याचं ठरवलं. काम मिरजेच्या एका मिस्त्रींना दिलं. पंचेचाळिशीचा, दाढीत पांढरे केस आलेला, कमी बोलणारा माणूस. मोजमाप घेताना तुमच्यासारखाच पेन्सिल कानावर खोचायचा.

त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गच्चीवर उभं राहून, ड्रिल मशीनची वायर सोडवता सोडवता ते म्हणाले, "मॅडम, कठड्याच्या विटांत दम न्हाई. प्रत्येक पाइपाखाली प्लेट ठेवून स्लॅबला चार-चार बोल्ट मारू द्या. भोकं मी बुजवून देतो, थेंब गळला तर मला बोलवा." आणि मी नाही म्हणाले. नवीन केलेल्या स्लॅबला एक भोक पाडायचं नाही, पाइप कठड्यात बसवा आणि भोवती सिमेंट भरा, असं मी त्यांना बजावलं. कोण नाही म्हणालं हे नीट लिहून ठेवते, कारण पुढं कॉलनीत याची जी काही गंमत झाली ती तुम्हाला कळायला हवी. नाही म्हणणारी मी होते. यांचं, म्हणजे तुमच्या जावयांचं, यात काही नाही. ते त्या दिवशी बँकेत होते. मी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते, अण्णा. वाऱ्याचा वेग वाढला की दाब कमी होतो आणि वस्तू वर उचलली जाते, हे फळ्यावर बाण काढून मी किती पोरांना शिकवलं असेल. घरी आल्यावर ते सगळं खडूबरोबर झटकून टाकायचं, असाच माझा समज असावा.

तुम्ही हे बाण न काढता शिकवलं होतंत. दहावीनंतरच्या सुट्टीत तुम्ही मला तुमच्या पत्र्याच्या शेडांच्या वर्कशॉपवर न्यायचात, टेपचं एक टोक धरायला आणि आकडे वहीत उतरवायला. आई म्हणायची, पोरीची जात, लोखंडात कशाला नेता. तुम्ही म्हणायचात, हिशेब चुकत न्हाई तिचा. एका गोदामावर आपण उभे आहोत, खाली औंध रस्त्याची धूळ उडतेय, आणि तुम्ही हाताचा पंजा आडवा धरून मला दाखवताय. "वारा पत्र्याला ढकलत न्हाई पोरी, उचलतो. ढकलला तर भिंत आडवी हाय. उचलला तर धरणारं कोण हाय?" मग खाली उतरल्यावर बुटाच्या टाचेनं तुम्ही जमिनीवर आपटलंत. धरणारी जमीन. पाइप जमिनीत नाहीतर स्लॅबात घट्ट हवा, मधल्या विटांवर भरवसा ठेवायचा नाही. एवढीच तुमची विद्या, पण ती पक्की होती.

आणि तो सुभेदारांचा बंगला. तो प्रसंग तुमच्याही लक्षात असणार. सैन्यातून रिटायर झालेले, मिशीला पीळ देणारे, साताऱ्यात नवा बंगला बांधलेले सुभेदार. गच्चीवर शेड हवं, पण स्लॅबला हात लावायचा नाही, हा त्यांचा हुकूम. त्या काळात गच्चीवर शेड घालणारे ते पहिलेच असतील, म्हणून ते काम सगळ्या पेठेत गाजणार होतं. तुम्ही त्यांना दोन वेळा समजावलंत. तिसऱ्यांदा ते चढ्या आवाजात म्हणाले की घर माझं आहे. तुम्ही खाली उतरलात आणि आणलेले पाइप एकेक करून परत टेंपोत भरलेत. मी वही छातीशी धरून जिन्यात उभी होते आणि लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्या बंगल्यात माझ्या वर्गातली एक मुलगी भाड्यानं राहायची, ती खिडकीतून बघत होती.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात आईनं तुम्हाला धारेवर धरलं. तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली, करपली. हातातलं काम टाकून आलात, आता त्यो दुसऱ्याकडून करून घेईल, असं ती म्हणत राहिली. मीही बोलले. सोळा वर्षांची होते, शिंगं फुटली होती. मी म्हणाले, त्यांचं घर आहे, त्यांना हवं तसं करून द्यायचं, आपलं काय जातंय? तुम्ही ताटावरून मान वर केलीत. माझ्यावर तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत, त्या दिवशीही नाही. "घर त्यांचं हाय. पण उडालेला पत्रा कुणाच्या घरात जाऊन पडंल, ते त्यांच्या हातात हाय व्हय?" एवढं बोलून तुम्ही जेवायला लागलात, करपलेल्या भागासकट.

पण खरं सांगू का, मला तुमचा राग येतो तो इथंच. कारण सुभेदारांनी दुसऱ्याकडून काम करून घेतलं, बिनबोल्टाचं, आणि ते शेड उडालंच नाही! किती वळीव झाले, किती पावसाळे गेले, ते आपलं बसलंय जागच्या जागी. त्या रस्त्यानं जाताना आई मुद्दाम मान वर करून म्हणायची, बघा, उडालं का? मामा आले की तेही चिडवायचे, काय दाजी, तुमचं वादळ कुठं अडकलं? तुम्ही हसायचात. मीही हसायचे, आणि मनात धरून ठेवायचे की अण्णांचं तेवढं चुकलं. तुम्ही गेल्यावर, साताऱ्याला जाणं व्हायचं तेव्हा, बसमधून ते शेड दिसायचं आणि मला वाटायचं की या माणसानं उगाच आयुष्यभर हट्ट केला. तुम्ही एकदा तरी चिडून आम्हाला सांगायला हवं होतंत की एक शेड टिकलं म्हणजे नियम खोटा ठरत नाही. नुसतं हसून तुम्ही आमचं नुकसान केलंत. मी हे रागानं लिहितेय आणि मागं घेणार नाही.

आता त्या दिवसाचं ऐका. मे महिना, शाळेला सुट्टी, दुपारचे चार. सकाळपासून पानही हलत नव्हतं. मी स्वयंपाकघरात कैरीचं लोणचं भरत होते. अचानक उजेड मातकट झाला, रस्त्यावरची धूळ, पालापाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या गिरक्या घेत वर चढल्या आणि घरातली सगळी दारं एकदम आपटली. मी खिडक्या लावत धावतेय. समोरच्या घरावरची पाण्याची रिकामी टाकी रस्त्यावर येऊन गडगडतेय. एक नारळ कमरेतून वाकलाय, विजेची तार तुटून लोंबतेय, लाइट गेलेत. आणि डोक्यावरून आवाज येतोय. तो आवाज मला माहीत होता. पत्रा सुटायच्या आधी थडथडतो, सगळा मिळून, दातावर दात वाजावेत तसा. मी जिन्याकडं पळाले. अर्ध्या जिन्यात असताना थडथड थांबली. एकदम थांबली. वर येऊन बघते तर डोक्यावर आभाळ आहे. नवीन स्लॅब आहे, चिनी मातीचे तुकडे आहेत, एकही भोक नाही. शेड नाही. कठडा दोन बाजूंनी दात पडल्यासारखा मोडलेला. आणि पलीकडून काकूंची हाक ऐकू येत होती. माझं नाव घेऊन त्या ओरडत नव्हत्या, नुसतं आई गं, आई गं, असं म्हणत होत्या.

काकू वाळव्याकडच्या. नवरा गेलेला, मुलगा सैन्यात, तिकडं जम्मूला. अडुसष्टाव्या वर्षी एकट्या राहतात आणि सगळ्या गल्लीला पुरतील एवढ्या कुरडया करतात. पत्रा त्यांच्यावर पडला नाही, तो त्यांच्या गच्चीवरच्या टाकीला अडला. त्यांना लागल्या आमच्या कठड्याच्या विटा, पाइपाबरोबर उपटून आलेल्या. त्या विटांनीच त्यांना खाली पाडलं. पाऊस सुरू झाला होता, गारा पडत होत्या आणि मी त्यांच्या अंगावर कुरडयांखालची जुनी साडी धरून बसले होते. चार घरची माणसं आली, खाटेवर घालून खाली नेलं. रिक्षा येईना, झाडं आडवी पडलेली. शेवटी दुधाच्या गाडीतून त्यांना मिरजेला नेलं.

दुसऱ्या दिवसापासून समजूतदार लोकांची रीघ लागली. एक पुढारी आले, मोडलेल्या कठड्यापुढं उभं राहून फोटो काढून घेतला आणि अस्मानी संकट म्हणाले. पंचनाम्याला माणूस आला, त्यानं सोसाट्याच्या वाऱ्यामुळे असं लिहिलं आणि माझी सही घेतली. मी सही केली. वाऱ्यामुळे! मग कोपऱ्यावरच्या घराचं शेड कसं राहिलं? तेही याच मिस्त्रींनी घातलंय, आमच्यानंतर महिन्याभरानं, बोल्ट मारून. त्याची एक पट्टीसुद्धा हलली नाही. त्या घराला काय दुसरा वारा लागला होता? हे कुणी विचारत नाही, कारण विचारलं तर आपापल्या गच्चीवर जाऊन पाइप कुठं रोवलेत ते बघावं लागेल. निम्म्या कॉलनीचे पाइप विटांत आहेत, अण्णा. सगळ्यांना आपला स्लॅब प्यारा.

वाऱ्याला शिव्या देऊन झाल्यावर त्यांना माणूस सापडला. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी मिस्त्रींचं कार्ड टाकलं आणि खाली लिहिलं, याला कुणीही काम देऊ नका, म्हातारीचा जीव घेत होता. त्याखाली तीस-चाळीस जणांनी अंगठे उठवले. दोघांनी ठरलेली कामं रद्द केल्याचं अभिमानानं कळवलं. आणि घरी हे, तुमचे जावई, माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाले, आपण कशाला मध्ये पडायचं? काकू काही म्हणत नाहीत, मिस्त्री काही म्हणत नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण तेव्हा मी गप्प बसले, हेही लिहिते.

आणि तो मिस्त्री! वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी बोलावलं नसताना, कटर आणि दोर घेऊन हजर. काकूंच्या गच्चीवरचे पत्रे त्यांनी कापून काढले, पाइप उतरवले, विटा गोळा करून एका बाजूला रचल्या. मी चहा दिला तो त्यांनी उभ्यानंच घेतला. मी वाट बघत होते की आता बोलतील, मी सांगितलं होतं मॅडम, म्हणतील. नाही म्हणाले. काकूंचं कसं आहे एवढंच विचारलं. मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. माणसानं एवढं सोसू नये. हातात खरं असताना जो गप्प बसतो, तो समोरच्याला खोट्यात राहायची मुभा देतो. तुमच्यावर रागावून झालं नव्हतं, त्यात हे एक.

चौथ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं. आधी लांबलचक लिहिलं होतं, दाब, वेग, सगळं. ते पुसलं आणि तीन वाक्यं ठेवली. मिस्त्री स्लॅबला बोल्ट मारणार होते. मी नको म्हणाले. काकूंना लागलं ते माझ्यामुळे. टाकल्यावर फोन उलटा करून ठेवला. संध्याकाळपर्यंत एकही अंगठा नाही, एक शब्द नाही. नंतर एकानं सुप्रभातचं फुलाचं चित्र टाकलं, संध्याकाळी सात वाजता, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून त्याला नमस्कार केले. मिस्त्रींचं कार्ड मात्र काढून टाकलं होतं. ज्या दोघांनी कामं रद्द केली होती त्यांतल्या एकानं परत बोलावलं, असं मिस्त्रींनीच फोनवर सांगितलं. म्हणाले, मॅडम, एवढं लिहायची गरज न्हवती. मी त्यांना म्हणाले, होती.

मला फार हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, स्वतःचं कौतुकही वाटलं. खरं बोलणारी एकटी मीच, अशा तोऱ्यात मी दुसऱ्या दिवशी सफरचंदं घेऊन मिरजेला गेले. काकूंना उशीला टेकवून बसवलं होतं. चेहरा उतरलेला, पण बोलणं तेच. मी त्यांचा हात हातात घेतला आणि जे ग्रुपवर लिहिलं तेच तोंडानं सांगितलं. काकू, बोल्ट मीच नको म्हणाले होते, मला माफ करा.

"ते ठाव हाय की मला," काकू म्हणाल्या. "त्या दिशी मी पल्याड गव्हू वाळत घालत हुते. समदं ऐकलं मी. मी म्हणणारच हुते, आगं बाई, मारू दे त्याला बोल्ट. पण तू त्याला म्हणालीस न्हवं, माझं वडील ह्याच धंद्यात हुते, ते बिनबोल्टाचंच घालायचे, साताऱ्यात तीस वर्सं झाली, हाललं न्हाई म्हणून. मग मी गप बसले. म्हटलं, हिच्या बाचंच काम, हिला कळत आसंल."

अण्णा, हे मी म्हणाले होते. शब्दाला शब्द. मिस्त्री दोनदा समजावून थकत नव्हते, ऊन चढलं होतं, आणि मला कुणीतरी शिकवतंय याचाच मला राग आला होता. म्हणून मी तुम्हाला मध्ये आणलं. सुभेदारांचं ते शेड, जे घालायला तुम्ही नकार दिलात, ज्यावरून आम्ही तुम्हाला जन्मभर चिडवलं, ते मी तुमच्या नावावर घातलं. आणि तुमचं नाव निघताच तो माणूस नरमला. जुन्या कारागिराचा मान म्हणून त्यानं ड्रिल मशीन परत पिशवीत ठेवलं. म्हणाला, मग काय प्रश्नच न्हाई मॅडम. ग्रुपवरच्या माझ्या तीन खऱ्या वाक्यांत हे चौथं नव्हतं. ते मी विसरले नव्हते, लिहिलं नव्हतं.

मी सफरचंद कापत राहिले. काकूंनी एक फोड घेतली, हळूहळू चावली. मग अगदी सहज, दुखणाऱ्या माणसानं वेळ घालवायला काहीतरी विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुझ्या वडलांनी घातल्यालं पत्रं उडालं का गं कवा?"

खाटेच्या पलीकडं नर्स कुणाचं तरी सलाइन बदलत होती. खरं उत्तर दोन शब्दांचं होतं. पण ते दिलं असतं तर बाकीचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि तिथंच, त्या खाटेशी, माझी हिंमत संपली. मी म्हणाले, "उडायचं काकू, कधी कधी." त्या म्हणाल्या, "मग चालायचंच. वाऱ्याम्होरं कुणाचं काय चालतंय." आणि माझ्या हातावर थोपटलं.

त्यांना पंधरा दिवसांत घरी सोडतील. तोवर हे सगळं मनात जुळवून ठेवावं म्हणून लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता कॉलनीवर, पंचनाम्यावर, मिस्त्रींवर आणि तुमच्यावरही तोंडसुख घेतलं. हे कुठं पाठवायचं नाही, टपालपेटीत टाकायचं नाही, यांनाही दाखवायचं नाही. तुमचं एकही शेड कधी उडालं नाही, अण्णा. काकूंना मी हे अजून सांगितलेलं नाही.